ओळ एकोणतीस

रजिस्टरात तीनच अक्षरं चालतात.
स्व म्हणजे स्वतंत्रपणे,
सू म्हणजे सूचना दिल्यावर,
हा म्हणजे हात धरून.
अकरा वर्षं ह्या तीन अक्षरांवर माझं पोट चाललंय.
कंत्राट दर जूनला नवं,
मुलं तीच.

मणेराजुरीला माझा वार मंगळवार.
रेवणच्या नावापुढं चव्वेचाळीस ओळी.
शर्टाची बटणं लावतो: सू.
चपला उजवी-डावी ओळखतो: सू, थंडीत हा.
पाच मणी मोजून देतो: हा.
आणि घरी, आईशेजारी पोत्यावर बसून
हिरवा बेदाणा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा,
एक दाणा इकडचा तिकडं नाही.
त्याला रजिस्टरात ओळ नाही.

एकोणतिसावी ओळ: रस्ता ओलांडतो.

मार्चअखेर होती. तालुक्याला आकडे पाठवायचे होते.
"साठ टक्के तरी स्व दाखवा, ताई,"
फोनवरचा आवाज दमलेला,
त्याच्याही वर कुणीतरी असणार.
रेवणनं त्या दिवशी माझं बोट आवळून धरलेलं,
पलीकडं पोचल्यावर सोडलं
आणि मागं वळून रस्त्याकडं बघत हसला.
मी त्या हसण्याला स्व लिहिलं.
निळ्या शाईनं. अक्षर चांगलं आहे माझं.

प्रगतिपत्रक घरी गेलं.
शालन सातवी शिकलेली, तिनं ओळ न् ओळ वाचली,
साखरेच्या डब्याखाली घडी घालून ठेवलं,
आणि एका रविवारी, दोन्ही हात कामात होते म्हणून,
त्याला गूळ आणायला धाडलं.
एकट्याला. फाट्यापलीकडच्या दुकानात.

बेदाण्याचा टेम्पो होता.
ड्रायव्हरनं ब्रेक मारला.
काही झालं नाही.
दोन पेट्या तेवढ्या खाली पडून फुटल्या,
आणि लोक धावत आले तेव्हा रेवण
रस्त्याच्या मधोमध बसून
दाणे निवडत होता,
हिरवे इकडं, पिवळे तिकडं.

शालन भांडायला नाही आली.
भांडली असती तर बरं झालं असतं.
शाळेच्या पायरीवर बसली,
गंधकाच्या धुरानं लाल झालेले डोळे पदरानं पुसले,
म्हणाली,
"तुमीच लिवलंय की, बाई. म्हणून सोडला."

डी.एड.ला होता हा धडा.
मुलाचा सन्मान, पालकांचा विश्वास, नोंदींचा खरेपणा,
दहा मार्कांचा प्रश्न. मला नऊ पडले होते.
तो एक मार्क कशाचा कापला ते आता कळलं,
असं म्हणायला छान वाटतं.
तसं नसतं. तो बहुतेक शुद्धलेखनाचा असेल.

झांबरे सर म्हणाले, "व्हाइटनर आहे कपाटात."
मी नाही लावला.
जुनं अक्षर वाचता येईल अशी
एकच आडवी रेघ मारली,
शेजारी लिहिलं हा,
तारीख घातली, सही केली.
मग त्याच पानावरची आणखी दोन अक्षरं आठवली.
मग दुसऱ्या शाळेचं रजिस्टर.
त्या रात्री सावळजपर्यंतची सगळी पानं
डोळ्यांपुढून गेली.

फोन आला, "ताई, टक्का घसरतोय तुमचा."
म्हटलं, हो.
जूनचं कंत्राट अजून आलेलं नाही.

फाट्यावर ब्रेकचे दोन काळे पट्टे आहेत.
मंगळवारी तिथं माझी गाडी आपोआप हळू होते.

शालनला शेडवर जाऊन सांगितलं,
वाक्य तीनदा घोळवलं होतं, ऐन वेळी एवढंच आलं,
"मी खोटं लिहिलं होतं."
जाळीवर माल पसरणारे तिचे हात थांबले नाहीत.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"मग आता काय लिवलंय?"
"हात धरून."
"मग धरा की,"
म्हणाली, आणि पुढच्या जाळीकडं सरकली.

रेवणचा हात चिकट होता.